वन्संचं चित्र आणि वहिनींची नोंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कचेरीचे साहेब, त्यांच्या शेजारी विराजमान झालेल्या प्रमुख पाहुण्या, म्हणजेच साहेबांच्या सासूबाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती वहिनी, पहिल्या रांगेत संकोचून बसलेले त्यांचे यजमान, माझे सहकारी, आणि दाराशी उभं राहून माझं भाषण कधी संपेल याचा अंदाज घेणारे सुज्ञ श्रोतेहो,

कर्मचारी संघटनेचा चिटणीस म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोन शब्दांत मावणारी बाई असती, तर ते बोलून मी केव्हाच खाली बसलो असतो.

प्रथम नात्याचा खुलासा. सत्कारमूर्ती आमच्यापैकी कुणाच्याही वहिनी नाहीत, एकीचा अपवाद सोडून. ती एक म्हणजे आमच्या डिझाइन विभागाच्या प्रमुख. या वहिनींच्या धाकट्या नणंद. नणंदेनं कचेरीत 'वहिनी' अशी हाक मारली, भावजयीनं 'काय वन्सं' अशी ओ दिली, आणि पाहता पाहता अख्खी कचेरी दोघींच्या नात्यात जमा झाली. साहेबसुद्धा बैठकीत गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "यावर वन्संचं काय म्हणणं आहे?"

आता दोघींचं काम. आपण दवाखान्यांसाठी अ‍ॅप बनवतो. रोग्यानं घरबसल्या डॉक्टरांची वेळ घ्यायची. रोगी कोण, डॉक्टर कोण, वेळ कुठली, कुठलं औषध चालत नाही, हे सगळं ज्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये राहतं, तो वहिनी सांभाळतात. तो आपल्या इमारतीत नाही, दूर कुणाच्या तरी यंत्रांवर आहे. त्याला क्लाउड म्हणण्याची पद्धत आहे. वन्संकडे आहे एक ऑनलाइन चित्रफलक. अ‍ॅपचे पडदे कसे दिसावेत हे त्यावर सगळा विभाग एकाच वेळी रेखाटतो. प्रत्येकाचा बाण आपलं नाव मिरवत फलकावर फिरत असतो. वन्संचा बाण अवतरला की बाकीचे बाण कोपऱ्यात जाऊन उभे राहतात.

एके दिवशी बैठकीत साहेबांना साक्षात्कार झाला. "दोन्ही गोष्टी क्लाउडवर आहेत. दोन्हींत अनेकजण एकदम काम करतात. दोन्हींची वर्गणी आपणच भरतो. मग दोन कशाला? तुलना करा. सरस ठरेल ती ठेवू, दुसरी बंद. तो विभागही बंद."

मी उठून म्हणालो, "साहेब, विहीर आणि विहिरीचं चित्र यांत सरस कोण, हे तहानलेल्याला विचारावं."

साहेब म्हणाले, "चिटणीस, बैठकीत भाषण नको."

म्हणून ते आज करतो आहे.

मित्रहो, तुलना हा विचाराचा पाया आहे, हे मला मान्य. पण तुलना करायला आधी दोन गोष्टी एका जातीच्या लागतात. जिना आणि कुलूप दोन्ही घरात असतात, म्हणून त्यांतलं एक ठेवून घर चालत नाही. तरीही हुकूम निघाला. तुलनेचा अहवाल लिहायचा कुणी? वहिनी आणि वन्सं, दोघींनी मिळून. एकाच घरात राहणाऱ्या नणंद-भावजयीला सांगायचं की तुमच्यापैकी जास्त कामाची कोण ते एकमतानं कळवा. इतिहासात युद्धं याहून किरकोळ कारणांनी झाली आहेत.

घरी काय झालं, ते यजमानांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. त्यांनी आत्ता मान खाली घातली आहे, म्हणजे परवानगी आहे असं मी धरतो.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुमचा डेटाबेस लोकांना दिसतो तरी का?"

"पाया कुणाला दिसतो, वन्सं? दिसतो तो भिंतीवरचा रंग."

"म्हणजे आम्ही रंगारी?"

"मी रंग म्हणाले. रंगारी तुम्ही म्हणालात."

यजमानांनी धीर करून विचारलं, "चहा कुणी करणार आहे का?"

बहीण म्हणाली, "तू." बायको म्हणाली, "तुम्ही." त्या काळात दोघींचं एकमत झालेली ही एकमेव बाब.

अहवाल काही पुढे सरकेना. मधल्या काळात वन्संनी अ‍ॅपच्या नव्या पडद्यांचं चित्र साहेबांना पाहायला पाठवलं. आता या चित्रफलकाची गंमत अशी की चित्रातलं बटण दाबलं की चित्रातलंच पुढचं पान उघडतं. साहेबांनी फोनवर बटण दाबलं, पान उघडलं. डॉक्टर निवडला, वेळ निवडली. शेवटी हिरवी खूण आली: 'आपली नोंद झाली आहे.' साहेब हरखले. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या तपासणीची वेळ त्यांनी घेऊन टाकली होती.

रोग्याचं नाव दुसरंच दिसत होतं, हे साहेबांनी पाहिलं होतं बरं का. पण त्यांनी विचार केला, नावाचं काय, तिथं गेल्यावर दुरुस्त करून घेऊ. इथे साहेब हसताहेत, त्यांच्या मनाचा मोठेपणा आहे.

दवाखान्यातली स्वागतिका म्हणाली, "आजी, तुमची नोंद नाही."

"अगं, जावयांनी केली आहे. ही बघ हिरवी खूण."

"आजी, यात रोगी पुरुष आहे."

वन्संनी नमुन्याला आपल्या भावाचं नाव घातलं होतं. सासूबाईंनी साहेबांकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. त्या व्यासपीठावर आहेत आणि त्यांचे डोळे आता उत्तम झाले आहेत.

दोघं तिथून थेट कचेरीत आले. साहेब कडाडले, "वन्सं, खूण हिरवी होती."

"साहेब, ती मी काढलेली आहे."

"वेळ मिळाली होती."

"तीही मीच काढलेली."

"डॉक्टरांचा फोटो होता."

"तो आमचा मामेभाऊ. त्याचं फर्निचरचं दुकान आहे."

सगळ्यांच्या माना वहिनींकडे वळल्या. त्यांचा विभाग वाचला होता, वन्संचा बुडाला होता. एक वाक्य टाकलं असतं की काम झालं असतं. वहिनींनी आधी सासूबाईंसाठी खुर्ची ओढली, खरी नोंद करून दिली, मग विचारलं, "आजी, पडद्यावरचं वाचता आलं तुम्हाला?"

"आलं की. म्हणून तर निघाले. तुमच्या जुन्या अ‍ॅपात बटणच सापडायचं नाही, लेकीला बोलवावं लागायचं."

वहिनी साहेबांकडे वळल्या. "घ्या तुमची तुलना. वन्संचं काम माणसाला दारापर्यंत आणतं. माझं काम दारात आलेल्याला ओळखतं. आता यातलं कुठलं बंद करायचं, ते सासूबाईंना विचारून कळवा."

अहवाल पुन्हा कुणी मागितला नाही.

मग आज मी हे का उगाळतो आहे? कारण आज वहिनी निवृत्त होत आहेत, आणि कचेरीच्या सूचनाफलकावर नोटीस लागली आहे: 'डेटाबेस सेवा स्वयंचलित असल्याने हे पद भरले जाणार नाही.' वा. मग डेटाबेसमधलीच एक गोष्ट ऐका. एका घरातल्या आत्या आणि भाची, दोघींचं नाव एक, आडनाव एक, फोन एक. यंत्रानं नम्रपणे विचारलं, या दोन नोंदी एकच आहेत, एकत्र करू? वहिनींनी त्या घरी फोन केला, "अहो, तुमच्याकडे या नावाच्या जणी किती?" त्यातल्या आत्याबाईंना एक औषध जिवावर बेततं. नोंदी एक झाल्या असत्या, तर कुणाचं औषध कुणाच्या पोटात गेलं असतं? यंत्र दिलेलं जपून ठेवतं, त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण दिलेलं खरं आहे का, हे विचारायला माणूस लागतो. लागतो म्हणजे लागतोच.

काल वन्संनी मला गाठलं. म्हणाल्या, "चिटणीस, त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, तर माझी चित्रं खरी कोण करणार? आणि मी भांडू कुणाशी?" डोळे भरले होते. वन्सं, मान वर करा, यात लाजण्यासारखं काही नाही.

तेव्हा अध्यक्ष महाराज, सर्वांसमक्ष विचारतो. ती जागा भरणार का?

साहेब म्हणताहेत, "विचार करू."

मंडळी, 'विचार करू' हे वन्संच्या फलकावरचं उत्तर झालं. दिसायला देखणं, दाबलं की पुढचं पान उघडतं, आणि मागे काही नाही. मला वहिनींच्या डेटाबेसमधलं उत्तर हवं आहे.

थांबा. सासूबाई साहेबांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. ध्वनिक्षेपकात आलं नाही, पण मी जवळ उभा आहे. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मला पुन्हा पुरुष करायचा विचार आहे का?"

साहेब म्हणतात, "भरू. नोटीस काढून टाका."

वहिनी, आजच्या दिवसापुरत्या तुम्ही अजून नोकरीत आहात. लॅपटॉप उघडा आणि साहेबांचं हे उत्तर डेटाबेसमध्ये चढवून घ्या.

सासूबाईंचे, यजमानांचे आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, साहेबांना तर लागलंच आहे, तर आपल्या माणसाचं म्हणून पोटात घाला. टाळ्या मात्र जरा थांबवा. वहिनी अजून टाइप करताहेत.

झालं म्हणतात. आता वाजवा.