सहा रात्री तुम्ही ठरवा

नाही नाही, जेवण वाईट होतं असं मी म्हणतच नाहीये! जेवण उत्तम. समुद्र उत्तम, वारा उत्तम, खोलीत पाय ठेवला की गार फरशी, बाहेर झोपाळा... सगळं उत्तम. पण तुम्हाला सांगतो, रात्रीची भूक सकाळी दहाच्या आत कळवायची, हा कुठला न्याय? डोळे धड उघडलेले नाहीत, तोंडात ब्रश, आणि फोनवर ती गोड आवाजाची बाई, "सर, आज रात्री आपण कुठे जेवणार?" अहो, माझा नाश्ता व्हायचाय अजून! मला काय माहीत रात्री आठ वाजता माझ्या पोटाचा काय विचार असेल?

तर झालं असं, की मी निवृत्त झालो. लेकीनं आणि जावयानं मिळून आम्हा दोघांना सहा रात्रींसाठी एका बेटावर धाडून दिलं. बेट म्हणजे एकच मोठं हॉटेल, बाकी झाडं आणि पाणी. जेवायला जागा पाच. एक टेकडीवर, एक समुद्रात धक्क्यावर, एक वाळूत, एक मागे बागेत, आणि एक मोठं दालन, जिथे सगळं मांडून ठेवलेलं असतं. दालन सोडून कुठेही जायचं तर दहाच्या आत फोन. नाही केलात तर बसा दालनात.

मी निर्धास्त होतो हो! जेवणाचं बघायला ही आहे ना! रोज दुपारी ही ऑफिसात फोन करून विचारायची, "आज रात्री काय करू?" आणि मी म्हणायचो, "कर काहीही." संपलं! एकतीस वर्षांत या विषयावर आमचं भांडण नाही. पण आमची होडी निघाली, किनारा जरा मागे पडला, पोहत परत जाता येणार नाही एवढं अंतर झालं, आणि ही शांतपणे म्हणाली, "अहो, एक सांगू? या सहा रात्री तुम्ही ठरवा."

"काय ठरवू?"

"कुठे जेवायचं, काय जेवायचं. अकरा हजारांच्या वर संध्याकाळी मी ठरवलंय. सहा तुम्ही ठरवा. मला एकदा तरी असं जेवायचंय, की जे दुसऱ्या कुणीतरी माझा विचार करून ठरवलंय."

आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. आणि वर शेंगदाणे पुढे केले. मी एक शेंगदाणा खाल्ला.

मी मनात म्हटलं, पहिली रात्र दालनात काढू. चाळीस पदार्थ मांडलेत, जिचं तिनं घ्यावं, ठरवायचं कशाला? मी ऐटीत ताट घेतलं, वळून बघतो तर ही रिकामं ताट घेऊन माझ्या मागे उभी! "अगं, घे की." "तुम्ही वाढा." मागे रांग खोळंबलेली, लोक घसे खाकरतायत... म्हटलं सोपं आहे, हिला वांगं आवडतं. घरी दर आठवड्याला वांगं असतं! मी चांगल्या चार फोडी वाढल्या. हिनं मुकाट्यानं खाल्ल्या, आणि मग तीन पेले पाणी प्यायली.

"काय झालं?"

"काही नाही हो. वांग्यानं माझा घसा खवखवतो."

"मग घरी करतेस कशाला?"

"तुम्हाला आवडतं म्हणून."

एकतीस वर्षं, तुम्हाला सांगतो! एकतीस वर्षं ही बाई मला वाढून स्वतः वांग्याला हात लावत नव्हती, आणि मला वाटायचं तिचं पोट भरलंय. मला तो पुढचा गोड पदार्थ गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच फोनवरच्या बाईचा तगादा. मी हिच्याकडे बघितलं. ही झोपाळ्यावर. "तुम्ही ठरवा." आता माझी अडचण समजून घ्या. मी चौतीस वर्षं खरेदी विभागात काढली. मी आयुष्यात काहीही ठरवलेलं नाही! तीन ठिकाणचे भाव मागवायचे, तक्ता करायचा, खाली लिहायचं 'निर्णयार्थ सादर', आणि फाइल वर पाठवायची. ठरवतो तो वरचा. एक पेन्सिल जरी घेतली असेल ना मी, तरी ती साहेबांनी ठरवलेली. आणि घरी वरचा साहेब कोण? तो झोपाळ्यावर!

म्हणून मी शेजारच्या खोलीतल्या कप्तानांना विचारलं. जहाजावर हयात गेलेला माणूस, आवाज भोंग्यासारखा. "टेकडी! दुसरं नाव काढू नका! वरून काय दृश्य दिसतं!" ऐकावे जनाचे, करावे मनाचे, म्हणतात. पण मनात काही असेल तर ना! मी जनाचंच केलं. एकशे बेचाळीस पायऱ्या. हिचा गुडघा चाळिसाव्या पायरीला बोलायला लागला, ही मात्र बोलली नाही. धापा टाकत वर पोचलो, खिडकीजवळचं टेबल, बाहेर बघतो तर... काळोख! रात्री आठला दृश्य कुठलं दिसणार? लांब एक दिवा दिसत होता. वाढपी म्हणाला, "तो आपल्याच खोलीचा दिवा, सर." मी चालू ठेवून आलो होतो.

तिसऱ्या रात्री धक्क्यावर. तिथे पायाखाली काच. काचेखाली पाणी, पाण्यात दिवे, दिव्यात मासे. आणि ताटात? मासे! ही घास उचलते, खाली बघते, घास ठेवते. "अगं, काय झालं?" "काही नाही. तो करडा मघापासून वरच बघतोय." मी म्हटलं, बघू दे, तो काय ओळखतोय का! पण एकदा असं मनात आल्यावर कुणाच्या घशाखाली उतरतंय! शेवटी दोघांनी कोशिंबीर खाल्ली, आणि ती लागली छान, असं आम्ही एकमेकांना चार वेळा सांगितलं.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, आता आपल्याला जे येतं ते करावं. पहाटे उठून हॉटेलच्या कागदावर तक्ता आखला. अनुक्रमांक, जागा, पायऱ्या, वारा, खुर्चीला पाठ आहे किंवा कसे, माशांची उपस्थिती. आणि शेरा! सवय हो. खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'निर्णयार्थ सादर', आणि हिच्या चहाच्या बशीखाली सरकवला. हिनं चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, माझंच पेन मागितलं, आणि समासात लिहिलं, 'कृपया चर्चा करावी.'

एकतीस वर्षं साहेबाचा हाच शेरा घरी येऊन मी हिला ऐकवला, त्याची ही परतफेड! मी चर्चा करायला बसलो. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान झालाय तक्ता. आता तुम्ही ठरवा." तोवर दहा वाजून चार मिनिटं. मी धावत फोन उचलला. "माफ करा सर, नोंद बंद झाली." म्हटलं, "बाई, चारच मिनिटं!" तर म्हणते, "हो सर, चारच." दालन. या खेपेला मी वांग्यापासून लांब उभा राहिलो. पण मग जवळ कशाच्या उभा राहू? तेच कळेना. शेवटी मला आवडतं तेच हिला वाढलं. बटाटे.

पाचव्या दिवशी मी लाज सोडली आणि हळूच बागेत जाऊन लेकीला फोन लावला. "बाळा, पटकन सांग, आईला खायला काय आवडतं?" "आईला ना बाबा..." आणि थांबली. मी म्हटलं, फोन तुटला. "आईला... म्हणजे... बाबा, आई आपलं होतं त्यातलं खायची ना?" मग म्हणाली, "थांबा, यांना विचारते." आता जावयाला काय माहीत असणार! पण विचारलं तिनं. तेही म्हणाले, "आईंना सगळंच चालतं."

खरं सांगतो, मी तिथेच बाकावर बसलो. हसू नका. घरातल्या बरणीत काय किती आहे हे जिला झोपेत ठाऊक, तिला काय आवडतं हे घरात कुणालाच ठाऊक नाही? मी रोज दोन वेळा तिच्या हातचं जेवलो, आणि हे विचारायचं राहूनच गेलं? मला माझीच शरम वाटली. त्या तिरीमिरीत फोनवरच्या बाईला सांगितलं, "वाळूतलं." रात्री खुर्च्या वाळूत खचत होत्या, जेवता जेवता आमच्या हनुवट्या टेबलाला लागल्या. काय खाल्लं ते आठवत नाही. मी हिच्याकडेच बघत होतो.

सहाव्या दिवशी मी काही विचारलं नाही. नुसतं बघायचं ठरवलं. नाश्त्याला ही अंड्यांच्या तव्यापाशी गेली. तिथल्या आचाऱ्यानं तव्यावरून उचललं आणि थेट हिच्या बशीत टाकलं. वाफ निघत होती. टेबल वीस पावलांवर, मी खुर्ची ओढून तयार... तर ही तिथेच उभी! उभ्या उभ्या फुंकर मारतेय, बोटं भाजतायत, ती झटकतेय, आणि डोळे मिटून खातेय. टेबलापर्यंत धीर निघाला नाही तिला! पूर्ण बशी तिथेच संपवली.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही गरम कधी जेवलीच नाही! आधी पोरीला, मग मला, मग आला-गेला असेल तर त्याला, आणि मग ही बसायची ते सगळं गार झाल्यावर. पदार्थाचा प्रश्नच नव्हता हो! मी पाच दिवस चुकीचा तक्ता करत होतो!

साडेनऊला मी फोन केला. आपणहून! "बाई, मला एवढंच सांगा, कुठल्या जागेत चुलीपासून ताट किती पावलांवर?" बाई म्हणते, "सर, हे कुणी विचारलं नव्हतं अजून. थांबा." आणि तिनं चौकशी केली, खरंच केली! टेकडीचं स्वयंपाकघर खाली, जेवण पायऱ्या चढून वर. धक्क्यावर गाडीवरून, दोनशे पावलं. वाळूत ऐंशी. "आणि बागेत?" "बागेत पावलं नाहीत सर. आचाऱ्याचा हात पुरतो."

बागेत! ना दृश्य, ना काच. एक तापलेला लांब तवा, पलीकडे आचारी, अलीकडे आम्ही दोघं उंच स्टुलांवर. मी त्याला बजावलं, "पहिलं यांना. माझं नंतर. गार झालं तरी चालेल." आचाऱ्यानं कोळंबी उलटली, चर्र झालं, आणि थेट हिच्या ताटात. ही खात होती. मग तिनं रिकामं ताट पुढे केलं आणि म्हणाली, "अजून एक."

अजून एक! एकतीस वर्षांत हा शब्द मी हिच्या तोंडून ऐकला नव्हता. मला भरून आलं. मी आचाऱ्याला म्हटलं, तव्याचा धूर फार होतोय हो तुमच्या.

बस्स, तिथंच मी थांबायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला भान नसतं. परतीच्या होडीत छाती फुगवून मी बोलून गेलो, "घरीसुद्धा तू आधी बसायचं. रात्रीचं मी करीन, गरम गरम वाढीन." मला येतं काय? ऑम्लेट. तर आता रोज रात्री मी तव्यापाशी आणि ही समोर ताटावर. पहिले चार दिवस काही बोलली नाही, मी खूश. पाचव्या दिवशी म्हणाली, "कांदा जरा बारीक चिरत जा." सहाव्या दिवशी, "मीठ बेतानं." काल तर ताट सरकवून म्हणाली, "कडा करपवता हो तुम्ही. मला नाही आवडत करपलेलं."

मला नाही आवडत! कळलं का तुम्हाला? अखेर तिला काय आवडतं आणि काय नाही, ते सगळं मला कळायला लागलंय... रोज, जेवताना, प्रत्येक घासाला.