अण्णांनी खाली आणलेलं नाक

माईवहिनी, मंडळी, फ्रीगंजातल्या या खोलीत एवढे लोक आलात. अण्णांवर बोलायला उभं राहणं मला जड जातंय. आणि खरं सांगू? हलकंही वाटतंय. दम्यानं त्यांना फार छळलं. आता ते सुटले.

मी सरकारी मोटरबोटीचा ड्रायव्हर. अण्णा तिचे मेकॅनिक. संस्थान गेलं, मध्य भारत आला, आता तोही मध्य प्रदेशात गेला. बोट तीच राहिली. पर्वणीच्या स्नानाला रामघाटावर कुणी वाहून चाललं की धावायचं, हे तिचं काम. पण वेग दिला की तिचं पुढचं टोक वर उठायचं. मला समोर फक्त आकाश दिसायचं. नदीत माणसं, आणि मी आंधळा.

अण्णा नव्या साहेबांकडे गेले. मराठीतलं 'आपलं', म्हणजे आपल्या सगळ्यांचं, ते त्यांनी सरळ हिंदीत 'आपकी' करून टाकलं. म्हणाले, "साहब, आपकी नाक थोड़ी नीची करनी पड़ेगी." साहेब लाल झाले. अण्णांना म्हणायचं होतं, आपल्या बोटीचं नाक. मी मध्ये पडून समजावलं, तेव्हा साहेब हसले आणि मंजुरी मिळाली.

मग अण्णांनी बोटीच्या मागे, खालच्या कडेला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा लोखंडी पट्ट्या बिजागरीनं बसवल्या. पट्टी झुकली की पाणी मागची बाजू उचलतं, पुढची खाली येते. पहिल्यांदा त्यांनी त्या जास्तच झुकवल्या. बोट पाण्यात तोंड खुपसून भलतीकडेच वळायला लागली. अण्णा स्वतःवरच चिडले. पट्ट्या थोड्या वर घेतल्या. एका बाजूला वजन जास्त झालं, तर त्याच बाजूची पट्टी जरा खाली. बोट सरळ चालायला लागली.

पुढच्याच पर्वणीला एक बाई वाहून चालली होती. मी पूर्ण वेगात निघालो. मध्येच समोर पाण्यात दुसरंच एक डोकं. दिसलं, मंडळी. दिसलं म्हणून वळलो. दोघंही सुखरूप आपापल्या घरी गेली.

अण्णा अंथरुणाला खिळले, तेव्हा मी गेलो की एकच विचारायचे. शेवटच्या भेटीतही तेच. "तुझ्या बोटीखाली कुणी आलं तर नाही ना रे?"

मी म्हटलं, "नाही अण्णा. कुणीच नाही."

त्यांनी डोळे मिटले. जाणाऱ्या माणसाशी मला खोटं बोलावं लागलं नाही. याहून मोठी सुटका कोणती?

चला, उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. अण्णांना निवांत जाऊ द्या.