विहीणबाईंचं चांगलं रक्त

बारा जानेवारी, सकाळी दाट धुकं, पारा आठवर... आणि तरी सगळ्या घराचं म्हणणं काय, तर थंडी फक्त मनीषालाच वाजते! तुम्हाला सांगते, मी दोन स्वेटर घालून ओट्याशी उभी, तर आमचे हे, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहेत ना, हे म्हणतात, "आमचा बंद पडलेला संचसुद्धा तुझ्याआधी गरम होतो." थकवा, झोप, गळणारे केस, सगळ्यावर हा एकच विनोद.

शेवटी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉईडचं काम ठीक चाललंय, पण अँटिबॉडी वाढल्यात. म्हणजे काय? म्हणजे राखणीला ठेवलेला कुत्रा घरच्यांनाच चावायला लागलाय. पुढे कधीतरी ग्रंथी थकेल, मग कोलेस्टेरॉल, मग हृदय... कदाचित. मग गोळी? "सध्या काही करायचं नाही. वर्षाने पुन्हा तपासू." अहो, कुत्रा चावतोय ना? तर नुसतं बघत बसायचं! घरी येऊन सांगितलं, तर हे म्हणतात, "काही करायचं नाही म्हणाल्यात ना, मग चहा कर."

बरं, मलाच का? तर बाई आहात, चाळिशी उलटलीय, आणि हे रक्ताच्या नात्यातही उतरतं. मुलगी आहे का, म्हणाल्या, गर्भ पडण्याशीसुद्धा याचा संबंध दिसतो... मी होते त्याहून गार पडले. माझ्या वैष्णवीला सायखेड्याला दिलीय. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. तिच्या सासूबाई, चतुराबाई, पहिल्या वेळी म्हणाल्या, पपई खाल्ली असंल. दुसऱ्या वेळेपर्यंत परसातली पपईच तोडून टाकलेली, मग थेट पोरीच्या पायगुणावर आल्या. आता मुलासाठी दुसरी बघायची भाषा चाललीय, तीही जेवताना, माझी पोरगी वाढत असताना. आणि जावई शेखरराव? ताटात बघत मला म्हणतात, "मामी, सध्या काही बोलायचं नाही." झालं! हेही डॉक्टरच!

मी फोन करून म्हटलं, हिचं रक्त तपासू. तर विहीणबाई म्हणतात, "तुमच्याकडनंच आलं म्हना की. आमच्या घराण्यात असलं काय नाय." तरी आल्या नाशिकला पोरीबरोबर, पहारा ठेवायला, आणि लॅबमध्ये काय मनात आलं कोण जाणे, बांगड्या वर सारून खुर्चीत बसल्या. "माझं बी काढा. कळू द्या, चांगलं रगत कसं असतंय ते."

आता खरं सांगू का... रिपोर्ट यायच्या आधी मी देवापुढे बसले आणि आई असून मागितलं काय, तर माझ्या पोरीतच बिघाड निघू दे रे बाबा. निघाला तर त्याला नाव आहे, गोळी आहे. पायगुणाला कुठली गोळी आणू मी?

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचले.

वैष्णवी: थायरॉईड नॉर्मल. अँटिबॉडी नाहीत. गर्भ का पडले, ते यात सापडत नाही.

चतुराबाई: थायरॉईड नॉर्मल. अँटिबॉडी तेराशेच्या वर. सध्या काही करायचं नाही.