ब्रेकवरून पाय उचलल्याबाबत

जबाब देणारीचे नाव वरच्या रकान्यात नोंदले आहे. वय बेचाळीस. धंदा चष्म्याचे दुकान, डोळे मी स्वतः तपासते. राहणार चढावरच्या वसाहतीतील शेवटचा बंगला, सोबत पती, सासरे आणि शाळेत शिकणारी एक मुलगी.

मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, माझे पती फरशांचे व्यापारी आहेत. अपघातातील गाडी त्यांनी गेल्या वर्षी घेतली. गाडी सात जणांची, उंच, पांढऱ्या रंगाची आहे. तिला गिअरचा दांडा नाही, बटणे आहेत. गाडी उभी केली की 'पी' लिहिलेले बटण दाबायचे, म्हणजे चाके जखडतात, असे शोरूममध्ये आम्हाला शिकवले होते. ही गाडी मी वापरावी, असे पतीचेच म्हणणे होते. "दुकानासमोर उभी राहिली की लोकांना कळेल कुणाची बायको आहे ते," असे ते म्हणाले होते.

काही महिन्यांनी मी दुकानासमोर गाडी उभी केली, पी दाबला, इंजिन चालू ठेवून मागच्या सीटवरचे खोके काढायला उतरले. तेवढ्यात गाडी पुढे सरकली आणि शेजारच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीला टेकून थांबली. समोरच्या काचेखाली पीचा दिवा तसाच लागलेला होता. मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. पतीही आले होते. तेथील मॅनेजरने गाडीला कॉम्प्युटर लावला व दोष दिसत नाही असे सांगितले. हे त्याने मला न सांगता पतीला सांगितले. "मॅडमना अजून हात बसलेला नाही, साहेब. गाडी मोठी आहे." पती हसले. मॅनेजरही हसला.

त्या दिवसापासून पती मला भूतबाई म्हणू लागले. गाडी आपोआप चालते असे मी म्हटले होते म्हणून. जेवायला बसताना "भूतबाईंना वाढा आधी" असे म्हणत. सासरेही तसेच म्हणू लागले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईला ते माझे खरेच टोपणनाव वाटले आणि एकदा तिने मला त्याच नावाने हाक मारली. ती बिचारी नंतर फार ओशाळली.

दुसऱ्यांदा हे मुलीच्या शाळेबाहेर चढावर घडले. मी पी दाबलेला मुलीने पाहिला होता. ती दार उघडून दप्तर घेत असताना गाडी मागे सरकली, उघड्या दाराने तिला ढकलले आणि तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर अजून आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी कसे लागले असे विचारले, तेव्हा पती म्हणाले, "आईने अंगावर गाडी घातली." मुलगी म्हणाली, "बाबा, आईने बटण दाबलं होतं." ते म्हणाले, "आईचा पदर सोड आता, मोठी झालीस." मी तिचा दुसरा हात धरला. डॉक्टर हात बांधत होते.

यानंतर मी गाडीत बसून मोबाइलवर चित्रण केले. त्यात पीचा दिवा दिसतो आणि समोरची भिंत जवळ येताना दिसते. ते घेऊन मी एकटीच मॅनेजरकडे गेले. त्याने पाहिले आणि म्हणाला, "यात तुमचा पाय कुठे दिसतोय, मॅडम?" लेखी तक्रार घ्या म्हटल्यावर, गाडी साहेबांच्या नावावर आहे, त्यांना पाठवा, असे त्याने सांगितले. पतींना मी म्हटले, ही गाडी मी चालवणार नाही. ते म्हणाले, "चालवायची. घाबरलीस म्हणून गाडी बदलली असं मी चार लोकांत सांगू का?"

घटनेच्या रविवारी पतीचे भागीदार व त्यांची पत्नी आमच्याकडे दुपारी जेवायला आले होते. जेवताना पतीने भूतबाईची गोष्ट सांगितली. माझ्यासारखा आवाज काढून सांगितली. "लोकांचे डोळे तपासते आणि स्वतःला केवढा मोठा पी दिसत नाही," असे म्हणाले. सगळे हसले. भागीदारांच्या पत्नी हसून झाल्यावर मला म्हणाल्या, "वहिनी, खरंच चालते का हो?" पतीने ताट बाजूला सारले. "चला, आत्ताच दाखवतो."

बंगल्याच्या आवारात फाटकापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत उतार आहे. गाडी तोंड भिंतीकडे करून उभी होती. पतीने मला चालकाच्या जागी बसवले, इंजिन चालू करायला लावले, पी दाबायला लावला. मग ते स्वतः गाडी आणि भिंत यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. मी काच खाली करून म्हटले, "अहो, बाजूला व्हा." ते म्हणाले, "पाहुण्यांसमोर नाटक नको." मी पुन्हा म्हटले. सासरे ओसरीवरून म्हणाले, "सूनबाई, त्याला दाखवू दे की." मुलगी "बाबा, नको ना" म्हणत पुढे आली, तिला भागीदारांनी खांद्याला धरून मागे घेतले. पती म्हणाले, "ब्रेकवरून पाय काढ. दोन्ही पाय वर घे. सीटवर मांडी घाल, म्हणजे सगळ्यांना दिसेल."

मी पाय वर घेऊन मांडी घातली. लगेच काही झाले नाही. पती म्हणाले, "आलं का भूत?" भागीदारांनी टाळी वाजवली. पाहुणे घराकडे वळू लागले, पती भिंतीपुढेच उभे होते, तेव्हा गाडी सरकली.

मी पाय खाली टाकून ब्रेक दाबला, तोपर्यंत पती भिंतीला लागले होते. गाडीचे नाक त्यांच्या मांड्यांवर होते. ते ओरडले नाहीत. "मागे घे," असे म्हणाले. मी मागे जाण्याचे बटण दाबले, गाडीने ते घेतले नाही, दिवा पीचाच राहिला. पुन्हा दाबले. ते माझ्याकडे पाहत होते. म्हणाले, "तुला साधी गाडी मागे घेता येत नाही." मग गाडीने बटण घेतले व मागे गेली आणि ते खाली पडले. मी उतरले तेव्हा सासऱ्यांनी माझ्या तोंडात मारली. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

पतींचा एक पाय मांडीपासून काढावा लागला. दुसऱ्याचे काय होईल ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणतात.

इस्पितळाच्या जिन्यात मला सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर भेटला. तो फुले घेऊन आला होता. त्याने आपणहून सांगितले की, या गाड्यांची चाके पी दाबूनही सुटतात, अशा बऱ्याच तक्रारी आल्यामुळे कंपनीने त्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या आहेत आणि हे त्याने घटनेच्या आधीच पतींना फोनवर कळवले होते. पती त्याला म्हणाले होते, "आत्ता गाडी आणली तर बाई डोक्यावर बसेल. घरी फोन करू नका." मॅनेजर मला म्हणाला, "आमच्याकडून कळवलं होतं, एवढं लक्षात असू द्या, मॅडम."

मी पतींना विचारले, तुम्हाला माहीत होते का. ते म्हणाले, "हजारात एखादी गाडी तशी निघते. नेमकी तुझीच कशी निघेल?" थोड्या वेळाने म्हणाले, "मी आपल्या पायांनी गाडीपुढे जाऊन उभा राहिलो, असं लोक म्हणतील. मला ते नको. तू चुकून ॲक्सिलरेटरवर पाय दाबलास एवढं सांग. तुला काय, बाईमाणूस, सुटशील." मी नाही म्हटले. त्यानंतर त्यांनी पोलिसांना सांगितले की, मी पाय मुद्दाम दाबला.

भागीदारांच्या पत्नींचे माझ्या पायांकडे लक्ष नव्हते, असे त्यांनी सांगितल्याचे मला कळले. मुलीचा जबाब माझ्या आधी झाला. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "आई, मी बाबांसारखंच सांगितलं. त्यांना आता पाय नाही ना." तिच्या प्लास्टरच्या हाताचा गळ्यातला पट्टा सैल झाला होता, तो मी बांधून दिला. तिने सांगितले ते खोटे आहे, पण त्यासाठी तिला कोणी पुन्हा बोलावू नये, ही माझी विनंती आहे.

गाडी सरकते हे माहीत असताना पाय का उचलले, असे मला विचारण्यात आले. मी सांगते की, पतीने सांगितले म्हणून उचलले. मला पुन्हा तेच विचारण्यात आले. मी सांगते की, मला ती सरकायला हवी होती. ते तिथून बाजूला व्हावेत आणि मग ती सरकावी, सर्वांनी पाहावी, असे मला वाटत होते. ते बाजूला झाले नाहीत. तरी मी पाय उचलले. हे वाक्य ठेवायचे का, असे जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी मला विचारले. मी ठेवा म्हटले.

जबाब लिहून झाल्यावर मला सावकाश वाचून दाखवला. वाचून होईपर्यंत खोलीत कोणी हसले नाही. मी सांगितले तसेच लिहिले आहे. सही करते.