तुकडा आधी, स्टेरॉइड नंतर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले मोठे डॉक्टरसाहेब, सहकारी आणि कुत्र्यामांजरांसह आलेली मालक मंडळी,

मी इथल्या प्रयोगशाळेतला मदतनीस. सव्वीस वर्षं विष्ठेच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. अशा माणसाला माइक दिलात, म्हणजे तुमचं धाडसच. (हसा, हसा. साहेबही हसताहेत.)

साहेबांनी मला काय शिकवलं? जनावराचे जुलाब, उलट्या तीन आठवड्यांवर गेल्या की अंदाज बंद. वजन, विष्ठा, रक्त, खाणं बदलून पाहणं, सोनोग्राफी. तरीही उलगडलं नाही तर आतड्याचा तुकडा तपासायचा. आणि तो निघेपर्यंत स्टेरॉइडला हात लावायचा नाही, नाहीतर कर्करोग दडून बसतो. "तुकडा आधी, स्टेरॉइड नंतर," हे शिकाऊ डॉक्टरांकडून ते पाढ्यासारखं म्हणवून घेत.

आमच्या घरी ठमाबाई नावाची मांजर होती. हिची, म्हणजे माझ्या बायकोची. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा काय ते समजा. जुलाब-उलट्यांनी ठमाबाई पाच किलोची तीन किलोवर आली. साहेबांना त्या दिवशी परिषदेला जायचं होतं. गाडी दारात उभी. पोट चाचपलं, स्टेरॉइडची सुई टोचली आणि म्हणाले, "आल्यावर बघू."

दहा दिवस ती पोटभर जेवली. मग पुन्हा खाणं सोडलं. तेव्हा तुकडा काढला. "नुसती सूज, निश्चित सांगता येत नाही," असं उत्तर आलं. महिन्यात ती गेली.

हिने विचारलं, "डॉक्टर, नेमकं काय झालं होतं हो?"

साहेब म्हणाले, "वहिनी, लाडानं दूध पाजत होता ना? त्यानंच आतडी गेली." केसपेपरवर लिहिलं, 'मालकिणीचा हलगर्जीपणा'.

ठमाबाई मेल्यावर आतड्याचा आणखी एक तुकडा काढला होता, तो मीच बाटलीत भरून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. उत्तर साहेबांच्या नावे यायचं. मी दोनदा विचारलं. "काही निघालं नाही रे," म्हणाले. मी मानलं. साहेबांच्या शब्दावर शंका घ्यायची सवय नव्हती.

नंतर हीही अंथरुणाला खिळली. मला म्हणायची, "अहो, मीच मारलं तिला." मी सांगायचो, नाही गं. पण माझ्याकडे कागद कुठे होता? ठमाबाईनंतर पाच महिन्यांनी हीही गेली. तेच मनात धरून गेली.

गेल्या सोमवारी साहेबांची खोली आवरायचं काम मला दिलं. खालच्या खणात तो अहवाल सापडला. आतड्याचा कर्करोग. दुधाचा काही संबंध नाही. खाली साहेबांची सही, मिळाल्याची तारीख. त्या तारखेनंतर ही साडेचार महिने जिवंत होती, साहेब. दोनदा भेटायलाही आलात. चहा घेतलात.

अध्यक्ष महोदय, एकच मिनिट. साहेबांचं मानपत्र चौकटीत बसवायचं कामही माझ्याकडेच होतं. ते टेबलावर सुटं ठेवलं आहे, सुरकुती पडलेली नाही. चौकटीत तो अहवाल आहे. साहेबांनी तो उभं राहून, सहीपर्यंत, मोठ्यानं वाचावा. मग केसपेपरवरची ती ओळ स्वतःच्या हातानं खोडावी. पेन मी आणलं आहे, केसपेपरही. तोवर मी खाली बसणार नाही.

शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याची सवय नाही. शब्द कमीजास्त झाला असेल, तर सभेनं पोटात घालावा.

साहेब, घ्या.