नऊशे नव्वद ग्रॅम

…आणि वर घरचे मलाच विचारतात, "तुला हलकाच हवा होता ना?" हवा होता हो, हलकाच लॅपटॉप हवा होता, पण का हवा होता ते कुणी विचारलं का? तुम्हाला सांगते, मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते, आणि लग्नाला तीन महिने झाले तरी या घरात मी नेमकं कुठे बसून तपासायचं ते ठरलेलं नाही. सासऱ्यांची आरामखुर्ची ठरलेली, सासूबाईंचा दिवाणाचा कोपरा ठरलेला, धाकट्या नणंदेचं तर स्टूलसुद्धा ठरलेलं, त्यावर दुसरं कुणी टेकलं की ती नुसती समोर उभी राहते... ते माणूस उठेपर्यंत. म्हटलं, जागा नाही तर नाही, आपली जागा आपण हातात घेऊन फिरू. सकाळी खिडकीत, दुपारी ओट्यापाशी, महिन्यातून दोन दिवस माहेरी.

नवरा म्हणाला, "हलका घे, पण असा घे की टेबलावर मोठ्या स्क्रीनला जोडला की झाला कॉम्प्युटर. एकात दोन." दोन पानं शेजारी-शेजारी दिसतील म्हणून मलाही पटलं. तिथेच चुकलं माझं. सासूबाई म्हणाल्या, "हलकी वस्तू टिकत नाही गं. आपला मिक्सर बघ, दोन हातांनी उचलावा लागतो, एकवीस वर्षं झाली." मी काही बोलले नाही.

आता सासरे. सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. छत्तीस वर्षं दुकानादुकानांतून लोकांचे काटे तपासले, आता निवृत्त झालेत, पण काटा सुटलाय का? लॅपटॉप घ्यायला गेलो, दुकानदार खोक्यावर बोट ठेवून म्हणाला, "नऊशे नव्वद ग्रॅम," तर यांनी पिशवीतून स्वतःचा काटा काढला. भर दुकानात. गिऱ्हाइकं बघतायत, नवरा एकदम तन्मयतेने पंख्यांच्या किमती वाचतोय...

"एक हजार बारा. वरचे बावीस कुठून आले?"

"काका, चार्जर धरून असेल."

"चार्जर तुमच्या हातात आहे."

"काका, स्क्रीनवरचं प्लास्टिक काढायचंय अजून."

"काढा."

काढलं. मग स्टिकर काढले. वीस मिनिटांनी एक हजार आठ. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "काका, थोडी धूळही असेल." शेवटी एक माउस फुकट देऊन सुटला बिचारा. माउस ऐंशी ग्रॅम. मी काही बोलले नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने टेबल सजवलं. मोठी स्क्रीन, कीबोर्ड, माउस, स्पीकर, वीज गेली तर म्हणून बॅटरीचा एक ठोकळा, सगळ्यांच्या वायरी एका डबीत, डबीची वायर लॅपटॉपला. "हलवू नकोस हं, एक वायर सरकली की स्क्रीन जाते." झालं, एवढं ऐकलं आणि सासरे उठले, कपाटातून पक्कड आणली आणि वायरींच्या जुडग्याला शिशाचं सील दाबलं, तपासलेल्या काट्याला लावतात तसं. म्हणाले, "आता कुणी हात लावायचा नाही. सूनबाईचं काम आहे." इतक्या अभिमानाने म्हणाले की... तुम्हीच सांगा, काय बोलणार?

परवा मात्र धीर करून हळूच म्हटलं, "बाबा, आज जरा खिडकीत बसू का?" सासऱ्यांनी एकदा सील निरखलं. मग नवऱ्याला म्हणाले, "तू तिकडून धर." दोघांनी अख्खं टेबल उचललं, नणंद मागून बॅटरी कडेवर घेऊन, सासूबाई पुढे खुर्च्या सरकवत, "उंबरा आहे, उंबरा, पाय वर." टेबल खिडकीत टेकलं, आणि नणंदेने काय करावं? स्वतःचं स्टूल आणून ठेवलं. मला बसायला. समोर उभी राहिली नाही, आत निघून गेली.

आता शनिवारी दोन दिवस माहेरी जायचंय. सासऱ्यांनी आपण होऊन टेम्पोवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सामान काय?"

"लॅपटॉप."

"वजन किती?"

सासऱ्यांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

मी काही बोलले नाही.