काशीराम गुरवाच्या तोंडचं वाक्य

— नाही, तसं नाही. खोड ते. ‘माझ्या वडिलांना वाटतं’ असं नको लिहू, सत्यवान. अर्ज मानकऱ्यांपुढे जायचा आहे. गुरवाला काय वाटतं याच्याशी त्यांना कर्तव्य नाही, तो काय म्हणतो याच्याशी आहे. लिही — काशीराम गुरव म्हणतात, स्वल्पविराम — आणि आता वरच्या अंगाला दोन उलटे स्वल्पविराम. हां. झाली खूण. आता ह्या खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत जे येईल ते बापाचं. त्याचा श्वाससुद्धा त्यात आला पाहिजे. बस, बस त्या पोत्यावर, मीठच आहे, फाटत नाही. शाई पुरेल ना? नाहीतर ही दौत घे.

मला कोणी शिकवलं म्हणतोस? कोणी नाही. माझी शाळा दुसरीला सुटली. पुण्याची वर्तमानपत्रं रद्दीत यायची, गूळ बांधायला. बांधण्याआधी मी वाचायचो — गिऱ्हाईक ओरडायचं, आबाशेट, गूळ दितंस की पेपर वाचतंस? तर त्यात ह्या खुणा असायच्या. वर्षभर मला वाटत होतं माश्या बसल्यात छापताना. मग एक दिवस ध्यानात आलं — खटल्याची बातमी होती, साक्षीदार बोलतो तेवढंच खुणांच्या आत, बाकी सगळं बाहेर. त्या दिवशी मी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं. आणि मग गावाची पत्रं मी तशी लिहायला लागलो. पूर्वीचे लिहिणारे काय करायचे — सगळ्यांचं एकाच तोंडाने, ‘कुशल असो, लोभ असावा’. बाईने लिहवलं की बुवाने, कळायचं नाही. मी कृष्णाबाईचं पत्र लिहिलं मुंबईला, तिच्या नवऱ्याला. तो मिलमध्ये, चार महिने पत्ता नाही. ती रागाने बोलली ते जसंच्या तसं आत घातलं — “तुझां तोंड इसारलंय मी, फोटो तरी धाड, म्हंजे दुसऱ्या कोणाक घरात घेवचंय नाय.” पुढच्या बोटीने आला की तो. सगळ्यांना सांगत होता, कार्ड वाचताना बाजूला उभी राहून बोलली. हे असं असतं बघ. खुणांच्या आतलं जे असतं ते माणूस डोळ्यांनी वाचत नाही, कानांनी ऐकतो. लिहितोयस ना? मी बोलतो म्हणून थांबू नको, लिहीत राहा, अक्षर सुधारतं.

हां, तर म्हणतात — “कौल बघण्यात माझ्याकडून चूक झाली. चार माणसं गेली त्याचा दोष माझ्या माथी. माझ्या मुलाकडे देवाची पूजा ठेवावी.” खूण बंद. आणि खाली बापाचा अंगठा. चार वाजता देवळात बसतील बारा जण, तू हा कागद ठेवायचा, मी मागून दोन शब्द बोलेन. पूजा तुझ्याकडे राहील, घरात तांदूळ-नारळ येत राहतील. नाहीतर पूजा दुसऱ्या घरात जाते, आणि तुझ्या बापाला तोंड वाकडं झालेल्या अवस्थेत देवळाच्या पायरीवरून — जाऊ दे. ते तोंडून काढवत नाही.

काय? त्यांनी असं म्हटलंच नाही? अरे बाबा, म्हणणार कसे? भाद्रपदापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. लोक जमले, कोणी तरी म्हणालं, काशीरामा, तुझ्या कौलान होडी बुडयली — आणि ते उत्तर द्यायला उठले ते आडवेच झाले. उठले तेव्हा अर्धं अंग गेलेलं. मग त्यांच्या वतीने कोणी बोलायचं? म्हणून तर खुणा.

ते काय काढलंस खिशातून?

दाखव. — हे तुला कुठं मिळालं? गंगारामाच्या बायकोने, रुक्मिणीने दिलं? मला वाटलं होतं, बुडाला तेव्हा गंगारामाच्या अंगावरच होतं ते. वेंगुर्ल्याला बिऱ्हाडावर ट्रंकेत राहिलं म्हणतोस. असेल. पाच नये पैशांचं कार्ड, अक्षर माझं. नाकारत नाही मी. गंगाराम तांडेल होडीच्या डागडुजीला वेंगुर्ल्याला होता, नारळी पौर्णिमा झाली होती, त्याने निरोप धाडला, देवाला विचारून कळवा, पहिली फेरी काढू का. त्याच्या घराण्याची रीतच ती, कौल आल्याशिवाय होडी पाण्यात नाही. तुझे बाबा देवळातून थेट इथं आले, ओल्या पंच्याने. आत्ता तू बसलास तिथंच बसले.

काय म्हणाले? नेमकं?

आता सांगून काय होणार, पण सांगतो, तुझा हक्क आहे, आणि इथं तिसरं कोण आहे? म्हणाले — “तीनदा पाकळी लावलंय. उजवी पडाक नाय, डावी पडाक नाय, थंयच चिकटान रवली. देवान कौल देवक नाय. गंगारामाक लिव, आठ दिस दर्यात जाव नको.” झालं. एवढंच. माझ्या कानात अजून तसंच आहे, मी माणसाचं बोलणं विसरत नाही.

वाच, वाच कार्ड. मोठ्याने वाचलंस तरी चालेल. काशीराम गुरव म्हणतात, “पाकळी डाव्या अंगाला पडली नाही. दर्यात जायला हरकत नाही.” पहिलं वाक्य त्यांचंच आहे की नाही? डावी पडली की देवाचा नकार, उजवी पडली की होकार; डावी पडली नव्हती. खोटं आहे का ते? दुसरं — दुसरं माझं. ते मी माझं म्हणूनच लिहिणार होतो, खुणेच्या बाहेर, ‘आमच्या मते’ असं घालून. पण आबाशेटचं मत ऐकून गंगाराम होडी काढतो होय? हसला असता. कोल्हापूरचा व्यापारी ट्रक घेऊन आंबोलीवरून उतरला होता, पहिला बांगडा जो देईल त्याच्याशी वर्षभराचा व्यवहार, त्याला मीठ माझ्या दुकानचं, आणि दुसरी होडी तयार नव्हती कोणाची. समुद्र कसा होता त्या दिवशी? आरसा. तूही पाहिलास. कोणीही सांगितलं असतं हरकत नाही. आठ दिवसांचं तेवढं राहिलं — कार्डाला जागा किती असते? मी एक वाक्य आत घेतलं, बस. तिसऱ्या दिवशी होडी उलथी मिळाली, त्याला मी काय करू? वारा मी लिहिला नव्हता.

असा बघू नको माझ्याकडे. आणि एक ध्यानात ठेव. हे कार्ड मानकऱ्यांना दाखवलंस, तर त्यावर नाव कोणाचं दिसेल? तुझ्या बापाचं. खुणांच्या आत बसलाय तो, आता कोणाच्याने बाहेर निघत नाही. गंगाराम बोलायला येणार नाही. बाबा बोलू शकत नाहीत. राहिलो तू आणि मी, आणि टपालाची पेटी माझ्या ओट्यावर आहे. यशोदा कशी आहे रे? तुझी बहीण. तिचे सासरे माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांना महिन्याला पत्र जातं माझं. परवाच विचारत होते, विहीणबाई काय म्हणतात. त्यांच्या तोंडचं एखादं वाक्य कळवलं पाहिजे. चांगलंच कळवेन. मी वाईट कशाला कळवू?

तेव्हा शहाणा हो. अर्ज पुरा कर, बापाचा अंगठा उमटवून आण — हात धरायला लागला तर धर, डावा चालतो. तुझं लिहून झालं की दे इकडे, एकदा नजर टाकतो.

दोन पानं? तीन ओळींच्या अर्जाला दोन पानं कशाला लागली तुला?

आबाशेट म्हणाले, “माझी शाळा दुसरीला —”

हे काय आहे?

“पहिलं वाक्य त्यांचंच — दुसरं माझं —” सत्यवान, हे मी तुका लिवाक नाय सांगूक. मिया तुझ्याशी बोललंय, घरच्यासारखो बोललंय. — ट्रकाचासुद्धा घातलंस. यशोदेचा... तुझ्या बापाशीचा बोलणा मिया सांगितलंय तसाच, तेका वेगळी खूण, माका वेगळी. खंय एक शब्द इकडचो तिकडे नाय.

सोड. हात सोड, कागद फाटात. — फाटलो तर परत लिवशीत? सगळा? पाठ झाला तुका?

कोण उभा आसा भायर? रुक्मिणी? ती कधीपासून आसा थंय?

घे. घे तुझी पानं. जा. दुकान बंद आसा.